एका चौकोनात दोन खुणा

चुलीवर दोन भांडी. एकात आत्याची आमटी — लालभडक, लसणीच्या फोडणीचा तवंग धरलेली, नुसत्या वासानं ठसका लागावा अशी. दुसऱ्यात आईची डाळ — पिवळी, पातळ, गुळाची, आणि तिच्यात शेंगदाणे असे तरंगायचे जसे सुट्टीच्या दिवशी पोरं विहिरीत उतरली आहेत. पडवीत पेंढ्यात पिकत घातलेल्या चिकूंचा जड, गोड वास आणि चुलीचा धूर एकमेकांत मिसळायचे, आणि त्या धुरात पाटावर मी बसलेला… वय वर्षं सात, ताटात भात, दोन्ही बाजूंना दोन पळ्या हवेत थांबलेल्या. आधी कुणाचं वाढून घ्यायचं? घोलवडच्या आमच्या घरात हा पेच रोज दोनदा पडायचा. आधी आमटी घेतली तर आई गरज नसताना चूल फुंकत बसायची. आधी डाळ घेतली तर आत्या छपराकडे बघून म्हणायची, "घ्या! भावाला एकच मुलगा, तोही गेला गुजरातेत!" शेवटी मी दोन्ही एकदम वाढायला लावून सगळं कालवून टाकायला लागलो. चव विचारू नका. पण त्या कालवण्यानं दोघी सारख्याच नाराज झाल्या आणि घरात शांतता आली.

आईचं माहेर उंबरगावच्या बाजूला, सायकलवर तासाभराची वाट. जात एकच, भाषा दोन. त्यामुळे लग्न जमवणाऱ्यांना काही वाटलं नाही. जे वाटायचं ते पुढे आम्हाला वाटलं. थंडी सरताना छगनमामा सायकलच्या हँडलला गांठियांची पिशवी अडकवून यायचा आणि फाटकातूनच भाच्याला, म्हणजे मला, ओरडून हाक मारायचा, "ए भाणा!" आवाज ऐकला की आत्या आधी साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवायची, कारण मामा चहात चार चमचे घालून वर विचारायचा, "साखर विसरलात का?" मी मामाशी गुजरातीत बोलायचो, आत्याशी मराठीत, आणि मध्ये कुठे उंबरा ओलांडतो आहे हे मला कळतही नव्हतं. कळायचं ते बाहेर. मामाच्या गावची पोरं मला घाटी म्हणायची, आणि आमच्या गावची पोरं, चड्डीला मागे दोन ठिगळं असताना, "या शेठ, बसा शेठ!"

ही सगळी गोष्ट मी साठ वर्षं कुणाला सांगितली नव्हती. मंदारला, म्हणजे माझ्या मुलाला, सांगत आलो की आपलं घराणं अस्सल मराठी, इकडचा दाणा तिकडचा नाही. डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली, तिथंही हेच. मी चौथी शिकलेला माणूस, पण एकदा बोललो की बोललो.

आता सांगतो आहे त्याला कारण आमचा शेजारी रामोन.

इथे न्यूझीलंडमध्ये, पापाकुराला, मंदारच्या घराचं कुंपण जेमतेम छातीइतकं आहे, आणि त्याच्या पलीकडे हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा गडी भर थंडीत उघड्या पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून मिरच्यांना पाणी घालत उभा असतो. त्याची मुलगी इथे इस्पितळात नर्स, माझी सून केतकी फार्मसीत. दोघी कामाला गेल्या की कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एकेक म्हातारा उरतो. माझं इंग्रजी मशीनच्या बटणांवर लिहिलेलं असतं तेवढंच, पण रामोन हातवारे फार करतो, त्यामुळे भागतं. नात अन्वी शेजारी असली तर बरं. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांनाही वाटतं की आपण एकाच भाषेत बोललो.

रामोनचा बाप फिलिपिन्सहून बोटीनं कॅलिफोर्नियाला गेला, शेतमजुरीला. त्याच्यासारखे शेकडो पोरगे, सगळे सडे. त्या काळी तिथला कायदाच होता म्हणे, या लोकांनी गोऱ्या बाईशी लग्न करायचं नाही. पण शेजारच्या सरीत मेक्सिकोहून आलेली कुटुंबं वाकून तेच काम करत होती, रविवारी त्याच चर्चात गुडघे टेकत होती, त्याच संतांना नवस बोलत होती… मग काय व्हायचं ते झालं. रामोन म्हणतो, त्यांची अख्खी गल्लीच अशी होती — बाप तिकडचा, आई इकडची, आणि पोरं रस्त्यावरची. बापाला भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटायचं नाही. आई मक्याच्या भाकऱ्या थापायची. आईच्या नातेवाइकांच्या लग्नात याला "चिनो, चिनो", म्हणजे चिनी, म्हणून चिडवायचे, आणि बापाचे मित्र म्हणायचे, याला आपली भाषा येत नाही, हा आपला कसला?

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"आठव्या वर्षी मारामारी केली, आणि हरलो. आई म्हणाली, दोघांकडे जा, आणि दोघांना सांग भूक लागली आहे. तेव्हापासून रविवारी दोन जेवणं!" असं म्हणून त्यानं पोटावर थाप मारली. पोट पुरावा म्हणून पुरेसं होतं.

मला हसू आलं, आणि लगेच रागही आला. का ते तेव्हा कळलं नाही.

मग मागच्या महिन्यात दवाखान्याचा फॉर्म आला. इथे नव्या डॉक्टरकडे नाव घालताना विचारतात की तुम्ही कोणत्या लोकांपैकी, आणि जितके चौकोन लागू असतील तितक्यांत खूण करा म्हणतात. रामोनचा फॉर्म आधीच झाला होता. कुंपणावरून त्यानं तीन बोटं दाखवली. फिलिपिनो, मेक्सिकन, आणि जन्म तिथला म्हणून अमेरिकन.

"यू?"

मी एक बोट दाखवलं.

"ओन्ली वन?" तो म्हणाला, आणि अशा करुण चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं की जणू मी उपाशी आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं कुंपणावरून मिरच्या दिल्या. मी परत केल्या.

त्या रात्री नव्हे, त्या सबंध आठवड्यात मला एकच दिवस आठवत राहिला. राज्यं नुकतीच वेगळी झाली होती. मामाचं गाव गुजरातेत गेलं, आमचं महाराष्ट्रात राहिलं. मधली रेती, माड, खारा वारा तेच होते, पण माणसं मोठ्या आवाजात बोलायला लागली होती. मी चौथीत. मी पाटी विसरलो म्हणून आई शाळेच्या दारात आली, आणि घाईत, धापा टाकत, तिच्या तोंडून तिचीच भाषा निघाली — "ले बेटा, भूली गयो?" वर्गात हशा फुटला. "शेठाणी आली! शेठाणी!" गुरुजींनी विचारलं, "कोण रे ही?" आणि मी उभा राहून, खणखणीत आवाजात म्हणालो, "आमच्याकडे कामाला आहे."

आईनं पाटी उंबऱ्यावर ठेवली. पदरानं आधी ती पुसली, मग ठेवली… आणि गेली. संध्याकाळी घरी आलो तर चुलीवर एकच भांडं. आत्यानंसुद्धा विचारलं, "अगं, तुझी डाळ?" आई म्हणाली, शुद्ध मराठीत, "आता नको." त्यानंतर ती माझ्याशी गुजराती कधी बोलली नाही. मी सतरा वर्षांचा असताना ती गेली. तेराव्याला बाबांचं आणि मामाचं भांडण झालं, आणि ती सायकल पुन्हा फाटकाशी आली नाही.

दवाखान्यात काउंटरवर बसलेल्या पोरीनं "किया ओरा" असा इथला नमस्कार करून फॉर्म पुढे सरकवला. मंदारनं पेन काढून 'इंडियन'वर खूण केली. मी म्हणालो, "अजून एक कर."

"कसली?"

"आईची. ती गुजराती होती."

मंदारनं पेनाच्या टोकानं चौकोन पुन्हा एकेक करून पाहिले. मग म्हणाला, "बाबा, तेही इंडियनच. एकाच चौकोनात येतं."

"मग त्याच चौकोनात दोन कर."

"अहो, असं नसतं."

"तुला काय माहीत कसं असतं? पेन दे."

मागे रांगेत एक बाई लेकराला घेऊन खोकत उभी होती, पण मी हटलो नाही. साठ वर्षं अडवून धरलेली गोष्ट बाहेर काढली आणि ती सरकारच्या हिशेबात आधीपासूनच आत होती, हे मला पटेना. मी जोर लावून दुसरी खूण केली. कागदाला भोक पडलं. काउंटरवरच्या पोरीनं फॉर्म उजेडात धरून त्या भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास.

गाडीत बसल्यावर मंदारनं पट्टा लावला. मग म्हणाला, "हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

"आजीचं नाव सरस्वती ना?"

"ते लग्नात ठेवलेलं."

"मग माहेरचं?"

 मामा तिला त्याच नावानं हाक मारायचा, शंभर वेळा मारली असेल, माझ्या समोर, चहा पिताना. पोरं ऐकतील म्हणून मी तेव्हा जोरात खोकायचो, अंगणात पळायचो. त्याचा आवाज आठवतो, कपाचा कान मोडलेला आठवतो. नाव नाही. चौथीतल्या कविता पाठ आहेत, नाव नाही.

मंदारनं कुठून कुठून शोधून मामाच्या आडनावाचे चार नंबर काढले. इथले दुपारचे चार, म्हणजे तिकडे दुकानं उघडायची वेळ. पहिले दोन राँग नंबर. तिसऱ्यानं मला विमा विकायचा प्रयत्न केला. चौथा एका बाईनं उचलला.

"हलो, कोण बोले छे?"

"हूं… घोलवडथी. एटले न्यूझीलंडथी." शब्द गंजलेल्या बिजागरीसारखे कुरकुरत निघत होते.

ती हसली. "काका, तमे मराठी छो ने?"

"हा. पण मारी बा तमारा गामनी."

माझी आई तुमच्या गावची, एवढं तरी जमलं. मग तिकडच्या बायका विचारतात तसं, सरळ, "कोनी दीकरी?"

कुणाची मुलगी… मी छगनमामाचं नाव सांगितलं, सायकल सांगितली, चहातली साखर सांगितली. ती म्हणाली, "ऊभा रहो," आणि आत तिच्या आत्याला मोठ्यानं हाक मारत गेली, "फोई, जरा आवो तो!" फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग काठीचा आवाज, सावकाश, जवळ येणारा. कुंपणापलीकडे रामोन पाण्याची नळी धरून माझ्याकडे बघत होता. मी त्याला हातानं थांब म्हटलं आणि मनात वाक्य जुळवू लागलो, की माझ्या आईचं नाव काय होतं ते मला सांगा. गुजरातीत ते कसं म्हणायचं हे मला नीट येत नव्हतं, पण विचारायची लाज वाटत नव्हती.