बाबांच्या रॅकेटचं शिसं

आमच्या घरात बाबांच्या रॅकेटला कुणी हात लावायचा नाही, हा नियम होता. पाटबंधारे खात्याच्या नोकरीत एका साहेबाच्या नादाने ते टेनिस शिकले आणि साहेब बदलून गेला तरी नाद सुटला नाही. गोंदियात टेनिस खेळणारे तेव्हाही बोटावर मोजण्याइतके होते, आजही तितकेच असतील.

दुकानातली रॅकेट त्यांना जशीच्या तशी कधी पटली नाही. "हिच्यात वजनच नाही," म्हणायचे. शिशाची टेप तेव्हा इकडे कुठली मिळायला! चिचगडकडच्या आमच्या गावाहून येताना ते फाटक्या मासेजाळ्याला लावलेल्या शिशाच्या गोळ्या खिशात घालून आणत, हातोडीने ठोकून पातळ पट्ट्या करत आणि चौकटीच्या आतल्या बाजूने चिकटपट्टीखाली बसवत. टोकाकडे शिसं लावलं की फटका जोरात बसतो, पण हात भरून येतो. मग तोल साधायला थोडं मुठीतही घालायचं. रॅकेट माझ्या बोटावर आडवी ठेवून ती कुठे झुकते ते बघायचे. मी हसले की रॅकेट पडायची आणि शिव्या बसायच्या. त्या शिव्या आठवल्या की अजून बरं वाटतं.

पुढे नागपूरहून टेप येऊ लागली, बाबा निवृत्त झाले, आम्ही गोंदियालगतच्या फुलचूरला राहायला आलो. रोज सकाळी मी त्यांना स्कूटीवर कोर्टावर नेते आणि त्यांनीच शिकवलेलं टेनिस मीही खेळते. गेल्या वर्षी त्यांचा खांदा धरला. रॅकेट उशिरा यायची, चेंडू जाळीत जायचा. मी हलकी रॅकेट आणली, तर म्हणाले, "हे काय मच्छर मारायची बॅट आणली? मले कायले पाहिजे हे?"

हळूहळू ते सकाळी उठायची टाळाटाळ करू लागले. आज गुडघा, उद्या सर्दी. त्यांचं खेळणं एकदा थांबलं की ते घरात नुसते बसून राहतील, या भीतीने माझा जीव खालीवर व्हायचा.

शेवटी ते आंघोळीला गेले असताना मी टोकाची थोडी टेप सोलून काढली. दुसऱ्या दिवशी कोर्टावर त्यांनी रॅकेट हातात फिरवली, कपाळाला आठी घातली. "आज हिले का झालं?" घरी येऊन मी रॅकेट बोटावर धरली, तेव्हा कळलं की तोल पार मुठीकडे गेलाय. म्हणून मुठीतलंही थोडं काढलं. त्यानंतर त्यांचा एक फटका असा सणसणीत बसला की जाळीपलीकडून खेळणारे एक दुकानदार काका ओरडले, "अंकल, आज तो कमाल कर दिया!" चहाच्या टपरीवर बाबांनी मला ऐकवलं, "पाह्यलं? म्हणे हलकी घ्या!" मी चहात तोंड लपवलं.

हिवाळाभर मी असं काढत राहिले. मार्चमध्ये चौकटीवर डिंकाचे काळे डाग तेवढे उरले आणि चेंडू पुन्हा जाळीत जाऊ लागले. त्या सकाळी कोर्टावर आम्ही दोघंच होतो. खेळ अर्ध्यावर टाकून बाबा बाकावर बसले. चौकटीच्या आतून अंगठा फिरवत म्हणाले, "आता कुठचं काढशील?"

मी खाली वाकून बुटाची लेस बांधू लागले.

"पहिल्याच दिवशी समजलं होतं मले. शिसं मीच लावलं होतं न."

"मग बोलले काऊन नाही, बाबा?"

"बोललो असतो तं तू काढलं असतं का?"

मला रडू फुटलं. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. गुडघ्यावर हात टेकून उठले, आपल्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "चाल. आता तू हळू मार."

हळू मारायला त्यांनी मला कधी शिकवलंच नव्हतं. माझे पहिले दोन्ही चेंडू जाळीत गेले.