उजव्या दिव्यावरची थाप

वसमतच्या स्टँडमागे गाड्यांची वायरिंग करणाऱ्या युसूफचा हात हलका, आणि जीभ त्याहून हलकी. गिऱ्हाइकाला घाई असली की तो म्हणायचा, "चालून राहिलं ना? मग चालू द्या." मागच्या दिव्याच्या अर्थिंगचा स्क्रू बसवण्याआधी खालचा रंग खरवडायचा, कोरा पत्रा दिसेपर्यंत; रंगातून करंट नीट जात नाही. एवढं त्याला झोपेतही ठाऊक होतं. पण रंगावरच स्क्रू आवळला तरी दिवा पेटतो, काही दिवस. मग अडला की वरून थाप मारायची. अर्ध्या तालुक्याला ही थाप त्यानेच शिकवली.

शंकरसिंगलाही त्यानेच शिकवली. औंढ्याला भाविक नेणारा हा जीपवाला दुकानात आला की दाराजवळच्या स्टुलावर बसून दोन कप चहा पिऊनच उठायचा. पोळ्याच्या संध्याकाळी त्याने औंढ्याच्या वाटेवर जीप थांबवली आणि मागे जाऊन तो उजव्या दिव्यावर थापा मारू लागला. आतल्या भाविकांच्या डोळ्यांदेखत ट्रक त्याला उडवून गेला. जीपला ओरखडासुद्धा नाही. मयतीत युसूफने ट्रकवाल्याला सगळ्यांपेक्षा मोठ्याने शिव्या घातल्या. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

चार महिन्यांनी भर दुपारी तीच जीप दारात उभी राहिली. चालवत होती शंकरसिंगची लेक दिपा.

"चाचा, ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर मिणमिणून राहिला. आन् मागून थाप ऐकू येते. आई म्हनते, बाबाच हायेत."

"अर्थिंग गेलं आसंल, बेटा," युसूफ म्हणाला.

त्याने तिला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि तो मागे उकिडवा बसला. उजवा दिवा विझलेलाच. थप. दिवा पेटला. दिपाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि मागे त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. दिवा विझला. पुन्हा थप. या खेपेला त्याच्या कानाजवळून हवा हलली, शेजारी कोणी हात उगारावा तशी.

त्याने दिवा खोलला. काळी वायर, तिच्या टोकाला त्याचीच गाठ, त्याचाच निळा टेप. स्क्रू रंगावर.

गंज चढलाय म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण या पोरीला रोज त्याच वाटेने जायचं होतं.

"दिपा, हे माझंच काम हाय. मी रंग खरवडला न्हाई. थाप मारा म्हणून मीच सांगितलं व्हतं तुझ्या बाबांना."

ती खाली उतरून मागे आली. "मंग इतके दिवस काहून न्हाई बोलले?"

"भ्यालो."

तिने स्क्रूकडे बोट केलं. "खरवडा आता," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

त्याने पॉलिश पेपरने पत्रा घासघासून कोरा केला आणि स्क्रू घट्ट आवळला. दिपाने ब्रेक दाबला. दिवा लालभडक पेटला, हलला नाही. थापही आली नाही. दिपा निघाली. वळणावर तिने ब्रेक लावला तेव्हा दोन्ही दिवे सारखे उजळले.

रस्त्यात उभ्या युसूफने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात पाठीमागे, त्याच्याच दुकानाच्या शटरवर, थप.

त्याने वळून पाहिलं नाही. तसाच उलट्या पावलांनी दारापर्यंत गेला, मागे हात नेऊन चाचपडत तिथलं स्टूल नीट केलं आणि समोरच्या हॉटेलवाल्याला दोन चहा सांगितले.