शेळी सापडल्याचा नवस

आमच्या घरातून बाहेर पडायला कारण लागतं. लग्न असतं, मयत असते, दवाखाना असतो, नाहीतर देव असतो. नुसतं बघायला म्हणून कुणी एसटीत बसल्याचं मी लहानपणी कधी ऐकलं नाही. आमचं गाव बिडकीनजवळ. दोन एसट्या बदलल्या की दौलताबादचा किल्ला येतो, पण घरातल्या कुणीही त्याच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं. आबा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला जायचे आणि येता-जाता खिडकीतून किल्ला बघायचे. खिडकीतून दिसतंय ते खाली उतरून कशाला बघायचं, असं त्यांचं म्हणणं.

मी कॉलेजला जाणारी घरातली पहिलीच. इतिहास घेतला होता. दुसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी हंपीची सहल ठरवली, चार दिवसांची, आणि मला घरी विचारायची वेळ आली. मी आधी आईला सांगितलं. आई म्हणाली, आबांना विचार. वहिनीला सांगितलं, ती म्हणाली, आईंना विचार. शेवटी आबा बैलांना पाणी पाजत होते तेव्हा मी त्यांच्यामागं जाऊन उभी राहिले. समोरून विचारायचं धाडस नव्हतं.

"काय हाय तिथं?" आबा म्हणाले.

"जुनी राजधानी आहे. आता पडकी झालीय."

"पडकी?"

"हो."

"मंग ती बघायला चार दिवस?"

"अभ्यास असतो, आबा."

"पडकं बघायचा अभ्यास," आबा बैलाला म्हणाले. "ऐकलं का रं?"

बैलानं पाण्यातून तोंड वर काढलं नाही. मी घरात आले. सरांना पुढच्या सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता, आणि आबा नाही म्हणाले नव्हते, पण हो तर मुळीच म्हणाले नव्हते.

खरं तर आबांना कसं वळवायचं ते मला माहीत होतं. ते शनिवार धरतात, मारुतीला तेल घातल्याशिवाय पाणी पीत नाहीत. आणि हंपीजवळच्या एका डोंगरावर मारुतीचा जन्म झाला असं लोक मानतात. एवढं एक वाक्य मी बोलले असते तर आबांनी स्वतः माझी पिशवी भरून दिली असती. पण ते मला बोलवेना. मला देवाच्या नावावर जायचं नव्हतं. मला बघायला जायचं होतं, आणि आबांनी मला बघायलाच जा म्हणावं, असं वाटत होतं. वर्गात हजेरीला आवाज काढतानासुद्धा मी दोनदा विचार करायचे. हा एवढा हट्ट माझ्यात कुठून आला, कुणास ठाऊक.

माझ्या भावाला दोन लेकरं. थोरला तेव्हा सहा वर्षांचा होता, धाकटी चारची. दोघं झोपायला माझ्याकडं यायची आणि गोष्ट सांग म्हणायची. मला गोष्टी येत नाहीत, म्हणून मी अभ्यासच सांगायचे. दौलताबादचा खंदक, त्यातल्या मगरी, डोंगराच्या पोटातून वर जाणारी काळोखी वाट, जिला अंधारी म्हणतात. थोरल्याला मगरी फार आवडल्या.

"आत्या, आपुन कवा जायचं?"

"आबा नाही नेणार. वर एक गणपती आहे, पण आपल्यातल्या कुणी त्याला नवस बोललेला नाही."

मी एवढंच बोलले होते. बाकी सगळं त्याचं डोकं.

त्याच आठवड्यात आमची शेळी हरवली. दावं तुटलेलं नव्हतं, सुटलेलं होतं. आबांनी सगळं शिवार पालथं घातलं, आणि दुसऱ्या दिवशी ती शेजाऱ्याच्या कपाशीत पोट टम्म करून बसलेली सापडली. शेजाऱ्याची बोलणी खाऊन आबा घरी आले, जेवायला बसले, आणि थोरला त्यांच्या ताटासमोर येऊन उभा राहिला.

"आबा, शेळी नवसानं सापडली."

"कुणाच्या?"

"माह्या. दौलताबादच्या किल्ल्यावर गणपती हाय ना, त्याला म्हणलं, शेळी सापडली तर आम्ही समदे दर्शनाला येऊ."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. आमच्याकडं नवस पोराचा असो नाहीतर म्हाताऱ्याचा, तो फेडायचा असतो. नाही फेडला तर काय होतं, हे कुणी सांगत नाही, त्यामुळं भीती जास्तच.

"समदे कशाला म्हणलास? एकटा येतो म्हणायचं."

"एकटा मी लहान हाय."

"लेकराच्या तोंडून गेलंय," आई म्हणाली. "ठिवू नये."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "तू शिकवलंस?"

"नाही, आबा."

ते खरं होतं, पण माझा आवाज पक्क्या खोटारड्यासारखा आला. वहिनी पदर तोंडाला लावून चुलीकडं वळली.

रविवारी आम्ही निघालो. भावाची शेंद्र्याच्या कंपनीत पाळी होती, तो तेवढा सुटला. "पप्पाचं मी देवाला सांगतो," थोरला म्हणाला. भाकऱ्या, ठेचा, नारळ, उदबत्ती, सगळं एका पिशवीत. किल्ल्याच्या दारात पहिली अडचण आली.

"तिकीट?" आबा म्हणाले. "देवाला तिकीट?"

"किल्ल्याला आहे, आबा. देवाला नाही."

"आपण किल्ला बघायला कुठं आलोत?"

मी तिकिटं काढून आणली. हा एक दिवस आबांना आवडला तर हंपी, नाहीतर नाही. मी आदल्या दिवशी वही काढून सगळं पाठ केलं होतं. चांद मिनारापाशी मी घसा साफ करून सुरुवात केली, तेवढ्यात धाकटीला शू लागली. हत्ती हौदापाशी पुन्हा सुरुवात केली, तर आबा कठड्यावरून वाकून म्हणाले, "ह्यो आपल्या मळ्यात असता, तर..." आणि वहिनी म्हणाली, "तर हत्तीबी पाळावा लागला असता." आई हसायला लागली. यादवांची राजधानी माझ्या तोंडातच राहिली.

खंदकावरच्या पुलावर थोरल्यानं वाकून बघितलं.

"मगरी कुठंयत?"

"पूर्वी होत्या."

"तू हायत म्हणाली व्हतीस."

"होत्या म्हणाले होते."

"आत्या फसवते," त्यानं वहिनीला सांगितलं. ज्याच्या नवसापायी आम्ही इथवर आलो होतो, तो मला हे म्हणत होता.

अंधारीच्या तोंडाशी बॅटरी घेतलेले एक चाचा उभे होते. ते लोकांना आत सोबत करायचे. "बाबा, सर झुकाके चलो. अम्मा, मेरे पीछे."

"नवस कुणाचा?" आबांनी विचारलं.

थोरला वहिनीच्या मागं गेला.

"पुढं हो. ज्याचा नवस, त्यो पुढं."

"म्हाताऱ्या माणसानं आधी जायचं असतं," वहिनीच्या मागून आवाज आला.

शेवटी तो आबांच्या धोतराचा सोगा दोन्ही हातांनी धरून आत शिरला. आत वटवाघळांचा वास होता आणि पायऱ्या कुठं उंच, कुठं बुटक्या. मधेच चाचांनी गंमत म्हणून बॅटरी विझवली. असा अंधार मी घरी दिवे गेल्यावरही बघितला नव्हता. कुणी हलेना. तेवढ्यात धाकटीचा आवाज आला, "आबा, डोळे उघडा की."

आणि आबा हसले. मोठ्यानं, डोंगराच्या पोटात घुमेल असे. त्यांचं हसणं मला दिसलं नाही, पण ऐकू आलं.

बाहेर आल्यावर पायऱ्या सुरू झाल्या. आई प्रत्येक वळणावर बसायची आणि म्हणायची, "एका शेळीपायी." वहिनी म्हणायची, "बरं झालं, म्हैस नाही हरवली." गणपतीचं देऊळ समोर दिसायला लागलं आणि आईनं पिशवी खाली ठेवून पदरानं तोंड पुसलं. तेवढ्यात भिंतीवरून एक वानर उतरलं. भलं मोठं, काळ्या तोंडाचं. त्यानं पिशवीत हात घातला, भाकरीचं फडकं बाजूला सारलं, नारळ उचलला आणि परत भिंतीवर जाऊन बसलं.

"अगं माय," आई ओरडली, "देवाचा नारळ!"

वानरानं नारळ हुंगला, फिरवला, दात लावून बघितला. जमेना. मग आमच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू हा आमचाच खोडसाळपणा होता, आणि नारळ खाली टाकून दिला. नारळ देवळापुढच्या पायरीवर आपटला आणि त्याची दोन शकलं झाली.

थोरलाच पहिला बोलला.

"मारुतीनं फोडला."

आबांनी टोपी काढली आणि भिंतीकडं बघून हात जोडले. वानर तोवर निघून गेलं होतं.

देवापुढं बसल्यावर आबांनी थोरल्याला शेजारी घेतलं. "आता देवासमोर सांग. काय काय बोलला व्हतास? एक बी गोष्ट ऱ्हायला नको, परत येणं व्हणार नाय."

थोरल्यानं डोळे मिटले. "नारळ. तो झाला. मंग खाली गेल्यावर पेरू. मंग शहरात स्टँडजवळची बाग, तिथं घसरगुंडी."

"शेळीपायी घसरगुंडी?"

"शेळी लई लांब गेली व्हती."

"मी बी बोलले," धाकटी म्हणाली. "फुगा."

आबांनी गणपतीकडं बघितलं, लेकरांकडं बघितलं आणि शेवटी माझ्याकडं. मी नारळाचं पाणी पायरीवर सांडलेलं बघत बसले.

देवदर्शन झालं होतं. आईनं पिशवी आवरली. "चला, खाली. फिटला नवस." आता उतरायचं, एसटीत बसायचं, आणि सोमवारी सरांना नाही म्हणायचं. आबांना मी एकही गोष्ट नीट सांगितली नव्हती.

आबा मात्र उठून वर बघत होते. "वर काय हाय?"

"बारादरी. आणि शेंड्यावर तोफ."

"तिथं देव?"

खोटं बोलायची ती चांगली वेळ होती. "तोफेपाशी नाही, आबा. नुसती तोफच आहे."

आबांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "मला जावं लागंल," ते गंभीरपणे म्हणाले. "मी बी एक नवस बोललो व्हतो."

"कधी?" आई म्हणाली.

"शेळी हुडकताना. सापडली तर तोफंला हात लावून येईन म्हणलं."

"तोफंला कुठं नवस असतो?" थोरला चिडून म्हणाला.

"तुझा चालतो आन् माझा नाय व्हय?"

आई आणि वहिनी धाकटीला घेऊन सावलीत बसल्या. आबा, थोरला आणि मी वर गेलो. शेंड्यावर वारा असा होता, की आबांनी टोपी हातात धरली. त्यांनी तोफेवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला, कारण ती उन्हानं तापली होती. मग पुन्हा ठेवला. खाली शेतं, रस्ता आणि रस्त्यावरून जाणाऱ्या काड्यापेटीएवढ्या एसट्या दिसत होत्या.

"माझा बाप खालच्या रस्त्यानं बैलगाडी घेऊन जायचा," आबा म्हणाले. "वर बघायचा आन् पुढं जायचा." मग ते तोफेभोवती फिरून आले. "एवढी जड. वर कशी आणली असंल?"

अख्ख्या दिवसात त्यांनी मला विचारलेला हा इतिहासाचा पहिला प्रश्न. आणि नेमका तोच मला येत नव्हता.

"माहीत नाही, आबा."

"कॉलेजात सांगितलं नाय?"

"नाही."

"मंग इचार की," आबा म्हणाले. उतरताना त्यांनी दोनदा वळून बघितलं.

खाली पेरू झाले. संध्याकाळी शहरात, स्टँडजवळच्या बागेत घसरगुंडी आणि फुगाही झाला. आबा हिरवळीवर पाय पसरून बसले होते. बागेतच प्राणिसंग्रहालय होतं; तिथल्या पिंजऱ्यातून वाघ ओरडला, तेव्हा आई एसटीची वेळ झाली म्हणून उठून उभी राहिली, मग परत बसली.

"त्या हंपीला," आबा गवताची काडी तोडत म्हणाले, "कुणाचा नवस हाय?"

"कुणाचाच नाही, आबा. नुसतं बघायचंय."

आबांनी काडी दातात धरली. घसरगुंडीवरून थोरला पुन्हा पुन्हा खाली येत होता आणि पुन्हा वर चढत होता, कारण नवसात किती वेळा ते सांगितलेलं नव्हतं.

"जा मंग," आबा म्हणाले. "बघून ये. तोफ असंल तर ती कशी आणली ते बी इचार."

मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही, हसू आलं. आणि त्या आनंदात, आता लपवायचं काही कारण उरलं नाही म्हणून, मी बोलून गेले, "आबा, तिथल्या एका डोंगरावर मारुतीचा जन्म झाला असं म्हणतात."

आबा ताठ बसले. काडी खाली पडली.

"मारुतीचा? आन् तू पडकं पडकं काय सांगत बसलीस, येडे? समद्यांनीच जाऊ की!"

"आबा!" घसरगुंडीच्या टोकावरून आवाज आला. "मी बोललोय नवस! हंपीचा!"

"आता काय हारवलंय रे?"

थोरल्यानं जरा विचार केला. "हारवंल की कायतरी," तो म्हणाला आणि घसरत खाली आला.

सोमवारी मी सरांना होकार कळवला, एकटीचाच. पण रविवारी घरी पोचल्यावर आबांनी पहिलं काम काय केलं, तर गोठ्यात गेले आणि शेळीला दोन दाव्यांनी बांधलं.