आर्लिननं सांगितलेलं खरं

आर्लिन पूल आणि मी शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं शेजारी उभ्या आहोत. कामाला वाघ, पण बोलायला भारी कंजूस. ती अशी का, ते मला या आठवड्यात कळलं. गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं तिच्या वडिलांची, रॉस्कोंची, फुप्फुसं खाल्ली होती. डॉक्टरांनी हात टेकल्यावर तिनं त्यांना घरी आणलं होतं.

आमच्या कॅरोलायनात पूर्वी शनिवारी संध्याकाळी सहाला टीव्हीवर कुस्ती लागायची. रॉस्को उकडलेल्या शेंगांचं पातेलं घेऊन बसायचे. एरवी मुखदुर्बळ माणूस, पण रिंगणात इगॉर नावाचा रशियन पैलवान आला की उठून शिव्या घालायचा. छोटी आर्लिन त्यांच्या पायाला बिलगून ओरडायची. बापलेकीचं जे काही जमलं ते त्या एका तासात.

सतराव्या वर्षी ती हायवेवरच्या खानावळीत कामाला लागली. एका दुपारी बघते तर इगॉर आणि त्याचा हाडवैरी, आम्हा सगळ्यांचा लाडका बक मेसन, एकाच बशीतला केक खात बसलेले. आणि रशियन आमच्याच गावठी बोलीत कोंबडीवर जास्तीचा रस्सा मागत होता. पोरगी धावत घरी आली.

"डॅडी, सगळं ठरवून असतं. नाटक आहे नुसतं. तुम्ही उगाच घसा फोडता."

"असं होय," रॉस्को म्हणाले. त्या शनिवारी सहा वाजता ते मागच्या शेडमध्ये जाऊन बसले. पुढच्या शनिवारीही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! पुढची तीस वर्षं दोघांत हवापाणी आणि गाडीचं तेल, एवढंच बोलणं उरलं.

आपण बापाचा आनंद मारला, हे तिच्या मनात घट्ट बसलं होतं. म्हणून मागच्या मंगळवारी जुन्या कुस्त्यांची कॅसेट घेऊन ती त्यांच्या खाटेशी बसली.

"डॅडी, मी तेव्हा खोटं बोलले. त्या खानावळीत कुणी नव्हतं."

"होते की. नेहमीच जायचे. त्या इगॉरची आई गिरणीत माझ्या शेजारच्या मागावर होती. ड्वेन त्याचं खरं नाव. लहानपणी कोंबड्यांना घाबरायचा."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग ओरडायचात कशाला?"

"तुला मजा यायची."

"आणि उठून का गेलात?"

रॉस्कोंना धाप लागली. तिनं नाकातली नळी नीट केली, वाट बघितली.

"वाटलं, पोरगी मोठी झाली. आता माझी लाज वाटत असेल. शेडमध्ये बसलो. म्हटलं, बोलावशील."

"मी कोचावरच होते, डॅडी. टीव्ही लावून."

"आवाज यायचा मला."

कॅसेट लावू का, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, "नको. आता ओरडायला दम नाही." शुक्रवारी ते गेले.

हे सगळं तिनं मला गाजरं सोलता सोलता सांगितलं. मला दोघांचाही राग आला. तरी समजूत घालायची म्हणून म्हटलं, "निदान जाण्याआधी उलगडा तरी झाला गं."

"झाला नसता तर बरं होतं," आर्लिन म्हणाली. "तीस वर्षं वाटायचं, माझ्या हातून भरून न येणारं काहीतरी घडलं. आता कळतंय, नुसती हाक मारायची होती."

मी गाजरं सोलत राहिले.