बांधावरचा पिंपळ

रविवार आला की मला नकोसं होतं. देगलूरजवळच्या आमच्या शेतात वडिलांनी निवृत्तीनंतर ओढ्यावर मातीचा बांध घालून तळं केलंय. शेतीसाठी नव्हे हो, माणसांनी पोहावं, काठावर जेवावं म्हणून! सोयरेधायरे येतात, त्यांचे सोयरेधायरे येतात, गावातलेही येतात. डुंबतात, मटण-भाकरी हाणतात, निघून जातात. मागं पत्रावळ्या गोळा करायला मी आहेच. आठवडाभर ऑफिस, आणि ही म्हणे सुट्टी. थकलो मी.

बांध झाला तेव्हा वडिलांनी त्यावर पिंपळ लावला. आम्हा बौद्धांचा तो बोधिवृक्ष. त्याला मानाची जागा हवी, आणि बांधाहून उंच जागा शेतात कुठली? सगळ्यांनी हात जोडले. पिंपळाची मुळं दगडी भिंत फोडतात, तिथं मातीची काय कथा, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

यंदा बांधाच्या मागून पाणी झिरपायला लागलं. खाली चुलतभावाचं घर आहे, त्याचं अंगण ओलं झालं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या मित्राला मी बोलावलं. तो म्हणाला, "मुळं आरपार गेलीत. पाणी उतरवा, पिंपळ मुळासकट काढा, बांध नव्यानं दाबून भरा. ते जमत नसेल तर तळं मोडा. पावसाळ्याची वाट बघू नका."

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. बोधिवृक्षाला वडील हात लावू देणार नाहीत, म्हणजे तळंच जाणार. कटकट मिटली एकदाची.

घरी येऊन सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पिंपळ काढा."

"बाबा, बोधिवृक्ष हाय तो!"

"हाय की. विहारामागं दुसरा लावू. झाड कुठंबी येतंय." आवाज चढला त्यांचा. "लहानपणी गावची पोरं विहिरीत उड्या मारायची. मला काठावर बी उभं राहू देत नव्हते, लांबून बघायचो. आता त्याच गावचे लोक माझ्या पाण्यात उतरायलेत. अन् तुला कशाला जड व्हायलंय रे?"

मी विचारलं, "मग तुम्ही का नाही कधी उतरत?"

"मला कुठं पोहता येतंय? शिकायच्या वयात पाणी कुठं होतं?"

मी उठलो, आणि झाड तोडणाऱ्याला फोन लावला.