हवालदार परबला दिलेला खोटा रिपोर्ट

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात दरवर्षी माझी एक सैनिकी आठवण छापतात. आजवर मी बर्फावर लिहिलं, लंगरच्या चहावर लिहिलं, बंकरमध्ये शिरलेल्या सापावरही लिहिलं. लोकांना आवडतं. बबन परबवर मात्र मी कधी लिहिलं नाही. दरवर्षी ठरवायचो आणि दरवर्षी दुसरंच काही लिहून द्यायचो. आता वय चौऱ्याहत्तर झालं. यंदा दुसरं काही लिहिणार नाही.

परब आमच्या पलटणीत रेडिओ ऑपरेटर होता. गाव मालवणजवळचं. मी त्याचा प्लाटून कमांडर, सुभेदार. एक हिवाळा आम्ही बर्फातल्या एका पोस्टवर एकत्र काढला. तिथे शत्रूपेक्षा थंडी जास्त माणसं निकामी करते. पायाचं बोट काळं पडायला लागलं की जवान ते लपवतो. सांगितलं तर खाली पाठवतील, दोस्त एकटे पडतील, आपण कच्चे ठरू, असं त्याला वाटतं. म्हणून रोज संध्याकाळी फूट इन्स्पेक्शन असतं. प्रत्येकाने बूट-मोजे काढून पाय दाखवायचे. पलटणीची रीत अशी की कमांडर आधी स्वतःचे मोजे काढतो. त्याचे पाय सगळे बघतात, मग तो इतरांचे बघतो. मी एकही संध्याकाळ चुकवली नाही. माझ्या डाव्या अंगठ्याला फोड आला तेव्हा तोही सगळ्यांसमोर दाखवला. दुसऱ्याच दिवशी परबने आपलं बधिर झालेलं बोट दाखवलं. वेळेत उपचार झाले, बोट वाचलं.

निवृत्तीनंतर मी मुलुंडला स्थायिक झालो. परब भांडुपला, टेकडीवरच्या चाळीत. पवईच्या एका ऑफिस कॉम्प्लेक्समध्ये तो सिक्युरिटी सुपरवायझर होता. आमचं वर्षातून दोनदा बोलणं व्हायचं.

सहासष्टाव्या वर्षी मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. पुढे रक्तातला पीएसएचा आकडा पुन्हा चढला म्हणून रेडिएशन आणि दोन वर्षं पुरुषी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. पण समजणं वेगळं आणि खोकला आला की पँट ओली होणं वेगळं. मी पॅड वापरायला लागलो. ते मुलुंडला विकत घेत नसे. ओळखीचा केमिस्ट, ओळखीची गिऱ्हाइकं. घाटकोपरला जाऊन आणायचो आणि काळ्या पिशवीवर आणखी एक पिशवी चढवायचो. इंजेक्शनांमुळे अंगातून वाफा निघाल्यासारखं व्हायचं, घामाने बनियन भिजायचं. दंडातली ताकद गेली. नवरा-बायकोतलं जे असतं ते संपलं. एकदा टीव्हीवर मसाल्याची जाहिरात बघताना मला रडू आलं. बायको मालती शेजारी बसून भाजी निवडत होती. तिने चॅनेल बदललं.

डॉक्टरांनीच घाटकोपरच्या एका गटाचा पत्ता दिला. ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा-बारा पुरुष जमायचे. सगळ्यांना हाच आजार. गट चालवायचे वर्तक सर, निवृत्त चित्रकला शिक्षक. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःची ओळख करून दिली ती अशी.

"मी वर्तक. ऑपरेशनला तीन वर्षं झाली. दिवसाला दोन पॅड लागतात. हसलो तर तीन. तेव्हा विनोद जरा जपून करा."

खोली हसली. एक जण म्हणाला, "माझी बायको म्हणते, आता कळलं ना चाळिशीनंतर मला काय होत होतं? पंखा पाचवर ठेवला की भांडायचात!"

"मग आता?"

"आता तीच पाचवर करते. आणि स्वतः शाल घेऊन बसते."

माझी पाळी आली. मी उभा राहिलो, नाव आणि रँक सांगितली. म्हणालो, "ऑपरेशन झालं. ट्रीटमेंट चालू आहे. त्रास काही नाही."

वर्तक सर म्हणाले, "काहीच नाही?"

"नाही."

"नशीबवान आहात," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. त्या क्षणी मी पॅड घालून उभा होतो.

वर्षभराने परबचा फोन आला. त्यालाही तोच आजार निघाला होता. माझ्यापेक्षा वाईट, कारण दोन-तीन हाडांत पोचलेला. ऑपरेशनचा प्रश्नच नव्हता. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, तेही कायमचं. मी त्याला गटात घेऊन गेलो. वर्तक सरांनी जोडी लावून दिली. दोघेही फौजी, तुम्हीच एकमेकांना सांभाळा, म्हणाले. त्या दिवसापासून रोज सकाळी सहाला माझा फोन जायचा, पोस्टवरच्या रेडिओच्या भाषेत.

"परब, रिपोर्ट माय सिग्नल, ओव्हर."

"ओके, ओव्हर. च्याय घेतलात, साहेबानू?"

"घेतला. तू?"

"बायल देईत तेवा!" आणि मागून वहिनींचा आवाज, "दोन हात आसत ना? घेवा!"

गटात परब बोलत नसे. माझ्या शेजारी ताठ बसायचा. मी दर महिन्याला तोच रिपोर्ट द्यायचो. त्रास नाही. आता तर शेजारी माझा हवालदार बसलेला होता, मग दुसरं काय सांगणार? मालती म्हणायची, "परबांना तरी सांगा हो. त्यांना बरं वाटेल."

"त्याला काय सांगू? साहेबांची पँट ओली होते?"

"हो. तेच."

मी उठून गॅलरीत गेलो.

एका रविवारी बैठकीनंतर आम्ही ग्रंथालयाबाहेर रिक्षाची वाट बघत होतो. परब रस्त्याकडे बघत म्हणाला, "साहेब, एक इचारू?"

"विचार."

"त्या इंजेक्शनान तुमका काय त्रास होता?"

"कसला?"

"घाम... छाती भरता तशी... आणि बायलेबरोबर..."

फूट इन्स्पेक्शनसारखंच त्याने आपलं बोट पुढे केलं होतं. मोजे मी आधी काढायला हवे होते, ते काढले नव्हते. तरी त्याने विचारलं. आता मी फक्त हो म्हणायचं होतं. रस्त्यावर ओळखीचं कोणी नव्हतं.

मी म्हणालो, "नाही रे. काही नाही."

"काय्येक नाय?"

"थोडा थकवा. व्यायाम कर, जाईल."

"मगे माझाच कायतरी बिघडला आसा," तो म्हणाला. रिक्षा आली. त्याने मला आधी बसवलं आणि दार नसलेल्या रिक्षाला सॅल्यूट ठोकला. मी हसलो. तोही हसला.

त्यानंतर त्याने इंजेक्शन घेणं बंद केलं. हे मला माहीत नव्हतं. वहिनींनाही नव्हतं. ठरलेल्या दिवशी तो फाईल घेऊन घरातून निघायचा, पवई तलावाच्या काठावर बसायचा आणि दुपारी परत यायचा. सहाच्या फोनवर रोज ओके यायचं. तीन वेळची इंजेक्शनं अशी गेली. मधे त्याची कंबर दुखायला लागली. ते त्याने जुन्या दुखण्यावर ढकललं. पाठीवर रेडिओ सेट वाहिलेला माणूस, कंबर दुखणारच, असं मीही म्हणालो.

मार्च महिना होता. सकाळी सहाला फोन लावला.

"रिपोर्ट माय सिग्नल, ओव्हर."

पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता.

"परब?"

"साहेब, पायात जीव नाय. राती मुतूक उठलंय आणि पडलंय."

"कुठे आहेस?"

"लादयेर."

"उठायचा प्रयत्न करू नकोस. आहेस तसा पडून राहा. मी येतो."

अँब्युलन्सला फोन केला, पॅड न बदलता निघालो. साडेसहाला भांडुपला पोचलो. अँब्युलन्स खाली रस्त्यावर थांबली, वर पायऱ्या. ड्रायव्हर आणि एक मदतनीस स्ट्रेचर घेऊन चढले. चाळीतले दोन तरुण आले. परबला फळीवर घेतल्यासारखं सरळ उचलून स्ट्रेचरवर ठेवलं. डोक्याकडचं एक हँडल मी धरलं.

ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, तुम्ही सोडा. आम्ही आहोत ना."

"चला," मी म्हणालो.

चाळीत पाणी यायची वेळ होती. पायऱ्यांवर बादल्या, हंडे, कडेने उभ्या बायका. लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. उतरताना सगळा भार पोटावर आला आणि माझा ताबा सुटला. खाकी पँट होती. गुडघ्यापर्यंत डाग उतरला. वळणावर दम घ्यायला थांबलो, स्ट्रेचर कठड्यावर टेकवलं. परबचं डोकं माझ्या कमरेच्या उंचीला होतं. त्याने बघितलं. मग वर माझ्या तोंडाकडे बघितलं.

हळूच म्हणाला, "साहेब, तुमका पण?"

त्याच्या आवाजात मला लाजवायचं काही नव्हतं. उलट सुटल्यासारखा आवाज होता. इतकं दुखत असताना त्याचा चेहरा मोकळा झाला होता.

मी म्हणालो, "बादलीचं पाणी उडालं."

त्याने मान हलवली. चेहरा पुन्हा होता तसा झाला. "उचला," मी म्हणालो आणि आम्ही खाली उतरलो.

हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरबाईंनी त्याला तपासलं. पायाला टाचणी लावली, त्याला कळली नाही. फाईल उलटून पाहत त्यांनी विचारलं, "बाबा, शेवटचं इंजेक्शन कधी घेतलंत?"

वहिनी म्हणाल्या, "अवो, गेल्या म्हयन्यातच गेलेले ना."

"घेवक नाय," परब म्हणाला. "तीन घेवक नाय."

वहिनी भिंतीला टेकल्या.

"का पण?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

तो छताकडे बघत बोलला. इंजेक्शनांमुळे छाती सुजून युनिफॉर्मचा शर्ट पुढून घट्ट झाला होता. गेटवरची पोरं हसायला लागली होती. सुपरवायझरची मॅडम झाली म्हणत. घाम यायचा, रडू यायचं. "ह्या साहेबांकय तीच इंजेक्शनां. त्यांका काय्येक नाय. पोस्टवर पयलो पाय ते दाखवत. साहेब लपवणारे न्हयत. मगे कच्चो मीच. सांगूक लाज वाटली."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ओल्या पँटवर फाईल धरून उभा होतो. तरीही बोललो नाही.

बाहेर आल्यावर त्यांना विचारलं, इंजेक्शनं घेतली असती तर? त्या म्हणाल्या, खात्रीने सांगता येत नाही, आजार पुढे गेलाही असता. पण बहुतेकांना त्याने बराच काळ मिळतो. मग म्हणाल्या, "त्रास सांगितला असता तरी चाललं असतं. घामावर गोळ्या आहेत. छातीवरही उपाय आहे. सांगायलाच हवं ना कोणीतरी."

मणक्यातल्या गाठीने मज्जारज्जू दाबला गेला होता. त्याच दिवशी रेडिएशन सुरू झालं, इंजेक्शनही पुन्हा सुरू झालं. दुखणं कमी झालं. पाय परत आले नाहीत.

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पॅड, घाटकोपरचा केमिस्ट, जाहिरात, परबला दिलेली दोन्ही उत्तरं. कोणी हसलं नाही. वर्तक सर म्हणाले, "आम्हाला सांगितलंत, बरं झालं. पण आम्ही चुकीचे लोक आहोत."

"हो."

"मग जा ना."

मी गेलो. दर गुरुवारी जात होतो. त्याच्यासाठी पॅड आणि डायपर मीच नेत असे, वहिनींच्या हातात देत असे. चहा व्हायचा, पलटणीच्या गोष्टी व्हायच्या. वहिनी त्याला कुशीवर वळवायच्या, मी मदत करायचो. पायऱ्या चढताना वाक्य तयार असायचं. आत गेलं की कोणीतरी असायचं, किंवा तो झोपेत असायचा, किंवा मला तसं वाटायचं.

शेवटच्या वेळी गेलो तेव्हा गावाहून त्याचे दोन चुलतभाऊ आले होते. खूप खंगला होता. मला बघून त्याने उशी मागितली आणि उठून बसल्यासारखं केलं.

"हे माझे साहेब," तो भावांना म्हणाला. "ह्यांकाय तोच रोग. ऑपरेशन, शेक, इंजेक्शनां, सगळा झाला. एक दिवस कण्हले नाय. बघा कशे उभे आसत."

भाऊ उठून उभे राहिले. एकाने मला नमस्कार केला. परबच्या चेहऱ्यावर अभिमान होता. त्याच्याजवळ त्या दिवसांत फारसं काही उरलं नव्हतं, आणि उरलेल्यातलं हेही आपण काढून घ्यायचं का, असं मी मनाशी म्हणालो. मी खुर्चीवर बसलो आणि चहा घेतला. खरं म्हणजे भावांना पाच मिनिटं बाहेर पाठवता आलं असतं. प्लाटून कमांडरला एवढी ऑर्डर देता येते.

पुढच्या मंगळवारी तो गेला. पलटणीतले आम्ही चौघे होतो. पायऱ्यांवरून त्याला उतरवताना मी पुन्हा खांदा दिला. चाळीतल्या बायकांनी बादल्या बाजूला घेतल्या. वहिनी मला म्हणाल्या, "साहेब, तुमच्याकडे बघानच ते इतके दिस रवले हो." त्यांनाही मी काही सांगितलं नाही.

वर्तक सर आता थकले आहेत, गट मी बघतो. नवा माणूस आला की बोलायची सुरुवात माझ्यापासून होते. किती पॅड, किती घाम, काय गेलं, काय परत आलं, काय आलंच नाही. मग तो बोलतो. बहुतेक जण बोलतात. गेल्या महिन्यात इंजेक्शन सोडायला निघालेला एक जण डॉक्टरांकडे परत गेला. त्याचं श्रेय मला नको. ही सगळी वाक्यं एका माणसाच्या नावची होती, ती मी दुसऱ्यांना वाटतो आहे.

अंक छापून आला की एक प्रत मी भांडुपला वहिनींकडे नेणार आहे. त्या पुढे मला आत घेतील की नाही, ते त्यांनी ठरवायचं. त्यांच्याआधी ज्याला सांगायचं होतं, तो ऐकायला नाही.

परब, तू मला दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी खोटं बोललो. मलाही सगळं होत होतं, तुझ्यासारखंच. तू कच्चा नव्हतास. मला माफ कर.