अक्षतांच्या शॉटमधला कप

भूत समोर आलंच तर मी आधी त्याला उजेडात नीट उभं करीन, फोकस मारीन, मग घाबरीन — असा मी माणूस! गुलमंडीत माझं आणि दत्ताचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. मराठवाड्यातले निम्मे नवरदेव आम्हीच देखणे केलेत, त्यामुळं पडद्यावर दिसतं ते सगळं खरं नसतं हे मला कुणी शिकवू नये. तरी ऐका...

कन्नडच्या एका लग्नाचा व्हिडिओ ऑनलाइन टाकायचा होता. नवरीचा भाऊ परदेशात. कुठली साइट चित्राची कमी वाट लावते हे बघायला आमची ठरलेली परीक्षा — अक्षतांचा शॉट. एवढे दाणे एकदम उडाले की भल्याभल्या साइटचा जीव जातो. व्हिडिओ दाबून लहान करताना चित्राचे चौकोन पडतात. एकच एचडी फाइल सकाळी तीन साइटवर चढवली. दत्ता 'कामानं' बाहेर. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिन्ही शेजारी-शेजारी लावल्या.

पहिलीवर अक्षतांची साबुदाणा खिचडी. दुसरीवर पैठणीतले मोर गावठी कोंबड्या झालेले. तिसरीवर तर भटजी कुठला अन् नवरदेव कुठला, सख्ख्या आईला कळू नये! फक्त मांडवाच्या खांबापाशी एक तुकडा आरशासारखा स्वच्छ. तिथं दत्ता बसलेला. शेजारी काळे — धंद्यातला आमचा हाडवैरी. दत्तानं थोडा चहा बशीत ओतून घेतला आणि कप काळेच्या हातात दिला.

मंडळी, दुकान उघडल्यापासून एका चहात कप माझा, बशी दत्ताची!

ओरिजनल उघडली. नुसता खांब. बाकी दोन साइटवर... खांबच.

तेवढ्यात दत्ता चहा घेऊन आला. मी स्क्रीन फिरवली.

"हे कोण रे, दत्त्या? वऱ्हाडी?"

त्याच्या तोंडचा रंगच उडाला. "दादा... माणूस लावला व्हता का माझ्यामागं?"

"लग्नातलं हाय हे. अक्षता बघ की पडायल्यात."

"लग्नात काळे नव्हताच! काल सांजच्याला भेटलो आम्ही, कन्नडच्या रस्त्याला, टपरीवर. तिथं चिटपाखरू नव्हतं!"

काल सांजच्याला. आणि फाइल मी काल सकाळीच चढवलेली...

"काय म्हणला काळे?"

"त्याच्या दुकानाच्या पाटीवर नाव टाकतो म्हणला माझं."

"मला सांगणार कधी व्हतास?"

"सीझन झाल्यावर, दादा."

"म्हणजे माझी गिऱ्हाइकं तिकडं पोचवून झाल्यावर! लई काळजी बाबा तुला माझी!"

त्यानं कप माझ्यापुढं सरकवला, सवयीनं बशी उचलली... आणि तशीच कोरडी खाली ठेवून निघून गेला.

जाणकार सांगतात, चित्र दाबताना कसलेही आकार दिसतात. दिसत असतील. पण कप कुणाच्या हातात द्यायचा हे त्या चौकोनांना त्या दिवशी सकाळीच कुणी सांगितलं?

व्हिडिओ अजून त्या साइटवर आहे, आणि खांबापाशचा तो तुकडाही. ओरिजनल माझ्याकडं आहे. तिच्यात शेवटी दत्ता माझ्या कॅमेऱ्यात बघून हसतो — इतका क्लिअर की दाढीचा केस न् केस दिसावा. शंभर वेळा थांबवून बघितलं. त्या तोंडावर काही म्हणजे काही दिसत नाही.